लॅबमध्ये माणसाचं जठर आणि आतडं वाढवतात म्हणजे नक्की काय? पेशंटला आज त्याचा उपयोग आहे का?

रानजाई

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझ्या भाच्याला, वय २४, अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा. आधी नुसत्या गोळ्या होत्या, मग स्टेरॉइड आलं, आता स्टेरॉइड कमी केलं की परत शौचातून रक्त सुरू होतं. नवीन नोकरी आहे आणि घरापासून ऑफिसपर्यंत कुठे कुठे टॉयलेट आहे ते पोराचं पाठ झालंय. डॉक्टर आता बायोलॉजिकची इंजेक्शनं सुरू करू म्हणतायत.

तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला की शास्त्रज्ञांनी लॅबमध्ये माणसाचं पोट आणि आतडं तयार केलं, आणि तेव्हापासून माझी ताई एकच धरून बसलीये की मग याचं खराब झालेलं आतडं काढून नवीन का नाही बसवत. त्यात भर म्हणजे एका क्लिनिकने फोनवर सांगितलं की आम्ही स्टेम सेलची सलाईन लावतो, आतडं आतून नवीन होतं, खर्च काही लाख. ताई दागिने मोडायच्या विचारात आहे.

मी कॉमर्सची, मला यातलं काही कळत नाही, पण हे असं लॅबमध्ये वाढवतात ते खरं आहे का, कशापासून वाढवतात, आणि आमच्या पोराला त्याचा आज काही उपयोग आहे का, एवढं कुणी नीट समजावून सांगेल का? ताईला वाचून दाखवणार आहे, त्यामुळे सोप्या भाषेत लिहिलंत तर फार बरं होईल.

उत्तरेचा_वारा

रानजाई ताई, मी नेदरलँड्समध्ये उट्रेख्तला आतड्याच्या ऑर्गनॉइडवरच काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. काढून दुसऱ्याच्या पोटात शिवता येईल असं अख्खं आतडं किंवा जठर जगात कुठेही लॅबमध्ये तयार झालेलं नाही. जे वाढतं त्याला ऑर्गनॉइड म्हणतात, म्हणजे आतड्याच्या अस्तराचे बारीक गोळे, बहुतेक मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान. पण ते खरंच माणसाच्या आतड्याचे असतात, त्यात अन्न शोषणाऱ्या पेशी असतात, चिकट म्युकस सोडणाऱ्या असतात, हार्मोन सोडणाऱ्याही असतात. व्हिडिओ खोटा नाही, त्याचं शीर्षक मात्र खूप वाढवून दिलंय.

हे जमतं कसं, तर आपल्या आतड्याचं अस्तर मुळातच ३ ते ५ दिवसांत नवं होत असतं, आणि हे काम अस्तरात ज्या बारीक बारीक खाचा असतात त्यांच्या तळाशी बसलेल्या स्टेम सेल करतात, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी बनत राहतात त्या मूळ पेशी. त्या पेशी नेमक्या कोणत्या हे २००७ साली इथल्याच ह्यूब्रेख्त इन्स्टिट्यूटमध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या ग्रुपने दाखवलं, त्यांच्यावर एलजीआर५ नावाची खूण असते. मग २००९ मध्ये त्याच लॅबमध्ये तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातली अशी एकच पेशी घेतली आणि तिच्यापासून खाचांसकट अख्खं अस्तर वाढवून दाखवलं. तोवर समज असा होता की आजूबाजूच्या बाकीच्या पेशींशिवाय हे होणंच शक्य नाही, आणि इथे तर एकट्या पेशीला योग्य जेल आणि तीन-चार प्रोटीनचे सिग्नल दिले की पुढचं सगळं तिचं तिला येतं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. २०११ पर्यंत माणसाच्या आतड्याचंही जमलं.

टेबलावर प्रत्यक्ष काय करतो तेही सांगते. कोलोनोस्कोपीत, म्हणजे आतड्यात कॅमेऱ्याची नळी घालून करतात त्या तपासणीत, घेतलेला दोन-तीन मिलिमीटरचा बायोप्सीचा तुकडा बर्फावर ठेवून आमच्याकडे येतो. तो धुवायचा, एका द्रावणात ठेवून हलवत राहायचं, की खाचा सुट्या होऊन खाली बसतात, त्या गोळा करून मॅट्रिजेल नावाच्या जेलमध्ये मिसळायच्या. मॅट्रिजेल गार असताना पातळ असतं आणि ३७ डिग्रीला घट्ट होतं, त्यामुळे पिपेटच्या टिपासुद्धा आधी फ्रीजरमध्ये ठेवतो, हात जरा रेंगाळला की टिपेतच घट्ट होऊन बसतं आणि पेशंटचा तो तुकडा गेला. प्लेटमध्ये एकेक थेंब ठेवायचा, प्लेट उलटी करून इनक्युबेटरमध्ये टाकायची म्हणजे पेशी तळाला जाऊन न चिकटता थेंबातच राहतात, आणि थेंब बसला की वरून मीडियम, म्हणजे पेशींना लागणारं पोषक द्रव, घालायचं. एक-दोन दिवसांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं की छोटे गोल पारदर्शक फुगे दिसतात. मधल्या पोकळीत हळूहळू मेलेल्या पेशींचा काळसर गाळ साठायला लागतो, कारण खऱ्या आतड्यात मेलेल्या पेशी अन्नाबरोबर वाहून जातात, इथे बाहेर जायला वाटच नाही. आठवड्याभरात गोळे फोडून नव्या थेंबांत वाटून लावायचे, परत वाढतात, असं महिनोन् महिने चालतं, फ्रीझ करूनही ठेवता येतात.

आता उपयोग. आज सगळ्यात मोठा उपयोग आहे औषध तपासायला. सिस्टिक फायब्रोसिस नावाचा जनुकीय आजार आहे, त्यात पेशीतून क्लोराइड आणि पाणी बाहेर टाकणारं दार बिघडलेलं असतं. २०१३ साली उट्रेख्तमध्येच एक साधी सुंदर टेस्ट निघाली. पेशंटच्या गुदाशयातून बायोप्सी घेऊन ऑर्गनॉइड वाढवायचे आणि त्यावर फोर्सकोलिन नावाचं रसायन टाकायचं. निरोगी माणसाचा ऑर्गनॉइड तासाभरात टम्म फुगतो कारण दारं उघडून पाणी आत येतं, आजारी माणसाचा तसाच राहतो. मग त्याच्यावर औषध घालून बघायचं, फुगला तर हे औषध या पेशंटला लागू पडायची चांगली शक्यता. या आजारात काही जणांची जनुकातली चूक इतकी दुर्मीळ असते की त्यांच्यासाठी वेगळी ट्रायल घ्यायला पुरेसे पेशंटच मिळत नाहीत, तिथे ही टेस्ट फार कामाची आहे. मी पहिल्यांदा औषध घातलेल्या प्लेटमध्ये ते गोळे फुगताना पाहिले तेव्हा बराच वेळ मायक्रोस्कोपवरून उठलेच नव्हते.

कोलायटिसबद्दल इथले डॉक्टर सांगतीलच, पण त्या सलाईनवाल्यांना पैसे देऊ नका, माझी कळकळीची विनंती आहे.

जठराग्नी

मी गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट आहे, कोलायटिसचे पेशंट रोज बघतो. वाऱ्याने सगळं छान सांगितलंय, मी फक्त पेशंटच्या बाजूने लिहितो.

रानजाई, तुमच्या ताईंना जे सुचलंय ते अगदीच हवेतलं नाही. अस्तराला जखमा झाल्यात तर लॅबमध्ये वाढवलेलं अस्तर तिथे लावावं, या कल्पनेवर जपानमध्ये बरीच वर्षं काम चालू आहे. २०१२ मध्ये टोकियोच्या मेडिकल अँड डेंटल युनिव्हर्सिटीतल्या टीमने उंदराच्या आतड्याचे ऑर्गनॉइड कोलायटिस झालेल्या उंदरांच्या आतड्यात सोडले तर ते जखमेवर चिकटून तिथे अस्तर झालं. त्यानंतर दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याच युनिव्हर्सिटीत अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या एका पेशंटमध्ये त्याच्याच आतड्याच्या बऱ्या भागातून वाढवलेले ऑर्गनॉइड स्कोपमधून जखमेवर सोडले. माणसात असं जगात पहिल्यांदा झालं. उंदरापासून एका माणसापर्यंत यायला दहा वर्षं गेली, यावरून वेगाचा अंदाज घ्या. आणि अशा पहिल्या पायरीवर मुख्य प्रश्न हे सुरक्षित आहे का एवढाच असतो, बरं वाटतं का हे त्याच्या पुढचं.

दुसरी गोष्ट, कोलायटिस हा फक्त अस्तराचा आजार नाहीये. अस्तरावर आपलीच इम्यून सिस्टिम तुटून पडते. नवं अस्तर लावलं आणि आतली आग तशीच राहिली तर तेही जळणार, म्हणून आजही उपचाराचा कणा आग विझवणारी औषधं हाच आहे. तरुण मुलगा, स्टेरॉइड कमी केलं की त्रास परत, अशा केसमध्ये बायोलॉजिक, म्हणजे इम्यून सिस्टिमचे ठरावीक निरोप अडवणारी औषधं, सुचवणं हे अगदी बरोबर आहे, तुमचे डॉक्टर योग्य मार्गाने चाललेत. ते जमलं नाही तर टोफासिटिनिबसारख्या गोळ्या आहेत, आणि अगदीच वेळ आली तर मोठं आतडं काढण्याची सर्जरी आहे, तिच्यानंतर माणसं नोकरी-संसार सगळं नीट करतात.

त्या सलाईनबद्दल. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या गाइडलाइन्स स्पष्ट आहेत, रक्ताच्या आजारांत वगैरे जे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करतात ते सोडलं तर स्टेम सेल हा अजून संशोधनाचा विषय आहे, तो क्लिनिकल ट्रायलमध्येच करायचा, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. फोन करून एकच विचारा, सीटीआरआयचा, म्हणजे क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, रजिस्ट्रेशन नंबर द्या. आणि शिरेतून दिलेल्या पेशी आतड्यात जाऊन खाचा बसवतात असं काही होत नाही, टोकियोत सुद्धा ते गोळे स्कोपने थेट जखमेवर ठेवावे लागले.

दागिने कपाटात राहू द्या.

पेशीवेडा

मस्त धागा! वाऱ्याने सांगितला तो रस्ता प्रौढ माणसाच्या आतड्यातल्या स्टेम सेलचा. दुसरा रस्ता पण आहे आणि जठराचा भाग त्यातच जास्त रंगतो, म्हणून लिहितोय, वाचायला जड वाटलं तर रानजाई ताईंनी सरळ सोडून द्यावं.

अमेरिकेत सिनसिनाटी चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये जेम्स वेल्स यांची लॅब आहे. ते सुरुवात करतात प्लुरिपोटंट पेशीपासून, म्हणजे जिच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकते अशी पेशी. पूर्वी ती फक्त भ्रूणातून मिळायची, पण यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या साध्या पेशी मागे नेऊन तशा करून दाखवल्या, त्याबद्दल २०१२ चं नोबेल जॉन गर्डन यांच्याबरोबर त्यांना मिळालं. तर अशी पेशी घ्यायची आणि गर्भात बाळाचं आतडं ज्या क्रमाने बनतं तोच क्रम तिला बशीत द्यायचा. आधी तीन दिवस ॲक्टिव्हिन नावाचं प्रोटीन, की पेशी ज्या थरापासून पुढे पचनमार्ग बनतो त्या थराच्या होतात, मग एफजीएफ४ आणि विंट हे सिग्नल दिले की त्या मागच्या आतड्याच्या वाटेला लागतात आणि थरातून छोटे गोळे आपोआप सुटून तरंगायला लागतात. ते जेलमध्ये ठेवून महिनाभर वाढवले की माणसाचं आतडं, हे २०११ मध्ये झालं.

जठरासाठी वाट तीच पण मध्येच वळवावी लागते, नॉगिन नावाचं प्रोटीन देऊन एक सिग्नल बंद करायचा आणि पुढे रेटिनॉइक ॲसिड द्यायचं, मग पेशी मागच्या आतड्याकडे न जाता पचनमार्गाच्या पुढच्या भागाच्या, म्हणजे जठराच्या, वाटेला लागतात. २०१४ मध्ये अशी जठराच्या खालच्या भागाची ऊती तयार झाली, काही मिलिमीटरचे गोळे, आणि २०१७ मध्ये वरच्या भागाची, जिथे ॲसिड सोडणाऱ्या पेशी असतात.

जठर का महत्त्वाचं, तर उंदराचं पोट आपल्यासारखं नाहीच. त्याच्या पुढच्या अर्ध्या भागात नुसतं अन्न साठतं, अस्तर पण वेगळं. त्यामुळे अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू अभ्यासायला कायम अडचण. बॅरी मार्शल यांना प्राण्यांत इन्फेक्शन जमेना तेव्हा १९८४ मध्ये त्यांनी स्वतःच तो जंतू प्यायला, जठराला सूज आली, आणि पुढे २००५ चं नोबेल रॉबिन वॉरन यांच्यासोबत त्यांना मिळालं. आता २०१४ च्या त्या जठराच्या गोळ्यांमध्ये बारीक सुईने हा जंतू आत सोडला तर २४ तासांत जंतूचं कॅगए नावाचं प्रोटीन पेशीत शिरून कामाला लागलेलं आणि पेशींचं विभाजन वाढलेलं दिसलं. जठराच्या कॅन्सरची सुरुवात कशी होत असेल हे माणसाच्याच ऊतीत बघायला मिळतंय, कुणाला काही प्यावं लागत नाही.

आणि नोरोव्हायरस! १९६८ मध्ये ओहायोतल्या नॉरवॉक गावात शाळेत उलट्या-जुलाबाची साथ आली, १९७२ मध्ये व्हायरस दिसला, पण लॅबमध्ये वाढवायची खात्रीची पद्धत काही केल्या सापडत नव्हती. २०१६ मध्ये ह्यूस्टनला बेलर कॉलेजात मेरी एस्टेस यांच्या टीमने माणसाच्या आतड्याच्या ऑर्गनॉइडपासून केलेल्या अस्तरावर तो वाढवला, आणि त्याच्या काही उपप्रकारांना तर त्यात पित्त घातल्याशिवाय वाढताच येत नव्हतं. म्हणजे व्हायरसला माणसाचं आतडंच हवं होतं, तेही पित्तासकट. चाळीसहून जास्त वर्षं अडलेलं काम. आपल्याकडे लहान मुलांच्या जुलाबाचा प्रश्न केवढा मोठा आहे ते सगळ्यांना माहीतच आहे, रोटाव्हायरसही या ऊतीवर वाढवून बघतात आणि तोंडावाटे द्यायच्या लशी गरीब देशांत कमी का चालतात या प्रश्नालाही इथून हात घालता येईल असं मला मनापासून वाटतं.

राहिलं काय, तर बहुतेक गोळ्यांत रक्तवाहिन्या नसतात, इम्यून पेशी बाहेरून घालाव्या लागतात, आणि आकार वाढला की मधल्या भागाला ऑक्सिजन पोचत नाही म्हणून मोठं करताच येत नाही. २०१४ मध्ये सिनसिनाटीत माणसाच्या आतड्याचा गोळा उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली लावला तेव्हा उंदराच्या रक्तवाहिन्या आत आल्या आणि तो नीट पिकला. २०१७ मध्ये मज्जातंतूंच्या पेशी मिसळल्या तर ऊतीत आकुंचनाच्या लाटा दिसल्या. एकेक तुकडा जुळतोय.

साधना_के

वाचून थक्क झाले. दोन शंका. भ्रूणातल्या पेशी वापरणं मला वैयक्तिक पटत नाही, तर हे सगळं त्याशिवाय होतं का? आणि याच्यामुळे प्राण्यांवरचे प्रयोग बंद होतील का?

उत्तरेचा_वारा

साधना ताई, मी जे करते त्यात भ्रूणाचा संबंध नाही, मोठ्या माणसांची बायोप्सी, तीही त्यांची लेखी संमती घेऊन. पेशीवेडा यांनी सांगितलेल्या रस्त्यात दोन्ही प्रकार वापरले गेलेत, भ्रूणातून पूर्वी काढलेल्या पेशींच्या लाइनही आणि त्वचेपासून किंवा रक्तापासून मागे नेलेल्या पेशीही.

प्राण्यांचं म्हणाल तर कमी होतील, बंद व्हायला वेळ आहे. अमेरिकेत २०२२ च्या शेवटी कायदा बदलून प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली, भारतानेही २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून ऑर्गनॉइड आणि ऑर्गन ऑन चिप, म्हणजे छोट्या चिपवर वाढवलेल्या अवयवाच्या पेशी, अशा पद्धतींना जागा दिली. पण एक गोष्ट सांगायलाच हवी, ज्या मॅट्रिजेलच्या थेंबात आम्ही सगळं वाढवतो ते उंदराच्या एका ट्यूमरपासून काढतात. त्यामुळे प्राणी पूर्ण सुटलेले नाहीत, प्रत्येक बॅच थोडी वेगळी येते, आणि त्यात वाढलेलं माणसाच्या शरीरात परत घालायचं म्हटलं की तिथेही अडचण येते. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ साली पूर्ण कृत्रिम जेल करून दाखवलंय, कोलॅजनवरही काम चालतं. माझ्या मते पुढच्या काळात खरी मेहनत या जेलवरच व्हायला हवी, बातम्यांत त्याचं नावही येत नाही पण पेशंटपर्यंत पोचायची वाट तिथूनच जाते.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ताईला पूर्ण धागा वाचून दाखवला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे क्लिनिकला सीटीआरआयचा नंबर विचारला, तर आधी "मॅडम तुम्ही एकदा येऊन तर जा" आणि मग ऑफर फक्त या महिन्यापुरती आहे म्हणाले, नंबर काही दिला नाही. ताईने फोन माझ्या हातातून घेऊन स्वतः नाही सांगितलं.

भाचा मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकलाय, त्याने फुगणाऱ्या गोळ्यांचा भाग दोनदा वाचला. विचारतोय की कोलायटिससाठीही तशी टेस्ट आहे का, म्हणजे त्याच्या आतड्याचा तुकडा घेऊन कुठलं बायोलॉजिक चालेल ते आधीच कळेल का. आणि पुढच्या कोलोनोस्कोपीत त्याचा तुकडा संशोधनाला देता येतो का.

उत्तरेचा_वारा

भाच्याचा प्रश्न एकदम नेमका आहे, त्याला सांगा. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये बिघाड अस्तराच्या पेशीतच असतो म्हणून नुसत्या अस्तराच्या गोळ्यात औषधाचा परिणाम दिसतो. कोलायटिसमध्ये बायोलॉजिक काम करतं इम्यून सिस्टिमच्या निरोपांवर आणि साध्या ऑर्गनॉइडमध्ये त्या पेशीच नसतात, त्यामुळे डॉक्टर वापरू शकतील अशी टेस्ट आज नाही. पण या आजाराचं संशोधन त्यातून होतंय. २०२० मध्ये जपानच्या दोन वेगवेगळ्या टीम्सनी दाखवलं की वर्षानुवर्षं सूज असलेल्या आतड्यात काही पेशींमध्ये जनुकीय बदल साठतात, सुजेच्या सिग्नलशी संबंधित जनुकांमध्ये, आणि तशा पेशी हळूहळू अस्तरात पसरतात. त्यातली एक टीम सातो यांचीच, आता ते केओ युनिव्हर्सिटीत आहेत. हे दिसलं कारण पेशंटनी आपले तुकडे दिले होते. आमच्याकडेही फ्रीझरमधली प्रत्येक कुपी अशाच कुणाची तरी असते, आम्हाला नाव कळत नाही, नुसता कोड असतो.

जठराग्नी

तुकडा देता येतो, पण हॉस्पिटलमध्ये तसा मंजूर प्रोजेक्ट चालू असेल तरच, आणि एथिक्स कमिटीने मंजूर केलेला संमतीचा फॉर्म मराठीत मागून, वाचूनच सही करायची. मोठ्या टीचिंग हॉस्पिटलमध्ये चौकशी करा. नाही म्हटलं तरी उपचारात काही फरक पडत नाही, हे त्याला नीट सांगा.

त्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे. बायोलॉजिक सुरू करण्याआधी टीबीची तपासणी झालीये का बघा, छातीचा एक्स-रे आणि मांटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) टेस्ट, कारण ही इंजेक्शनं लपलेला टीबी जागा करू शकतात आणि आपल्याकडे तो लपलेला असण्याची शक्यता बरीच असते. हेपटायटिस बी पण तपासून घ्या, लशी राहिल्या असतील तर त्याही आत्ताच विचारा. आणि स्टेरॉइड मनाने बंद करू नका, डॉक्टर सांगतील तसंच हळूहळू कमी करायचं. पुढच्या व्हिजिटला जाताना भाच्यालाच हे प्रश्न लिहून न्यायला सांगा, मुलगा हुशार दिसतोय.

रानजाई

एक्स-रे झालाय, बाकीच्या दोन टेस्टचं कुणी बोललं नव्हतं. सोमवारची अपॉइंटमेंट आहे, त्याने वहीत लिहून घेतलंय सगळं.